झाड फुलावर असतानाच ओळखा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



रामटेक, पारशिवनी, उमरेड या भागांत अनेकांच्या शेताला जंगल लागून आहे. धुऱ्यावरची झाडे आपण रोज पाहतो, पण कोणते ठेवायचे आणि कोणते तोडायचे हे बहुधा कुऱ्हाड हातात घेतल्यावरच ठरते. आपले जंगल पानझडीचे. पाने गळाल्यावर नुसत्या सालीवरून झाड ओळखणे जाणकारालाच जमते. फूल मात्र कोणालाही ओळखता येते. म्हणून झाड फुलावर असतानाच खोडावर गेरूची खूण करून ठेवावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस एकापाठोपाठ फुलतात. काटेसावरीचे फूल मोठे, जाड पाच पाकळ्यांचे. पांगाऱ्यालाही काटे असतात, पण त्याची लाल फुले तुऱ्याने येतात. पळसाला काटे नाहीत. फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखे. याच दिवसांत निष्पर्ण फांद्यांवर मोठी पिवळी फुले दिसली तर तो गणेर. कुसुम लांबून लाल दिसतो, परंतु ती फुले नसून कोवळी पालवी असते. पळस आणि कुसुम या दोन्हींवर लाखेचा किडा पोसतो, हे तोडण्यापूर्वी आठवावे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ती आग जंगलात शिरते. पाला झाडून घ्यावा, किंवा जुनी लुगडी वा जाळी अंथरावी. फूलही स्वच्छ मिळते. मोहाचे बी जून-जुलैमध्ये येते. ते फार दिवस टिकत नाही, लवकर पेरावे.

चाराची फुले बारीक, हिरवट पांढरी. सहज नजरेतून सुटतात. खूण करायची ती याच झाडाला आधी. त्याचे फळ काळे पडेपर्यंत थांबावे. हिरवे ओरबाडले तर चारोळी भरत नाही.

आता कुड्याविषयी, कारण येथे नुकसान होते. पांढऱ्या कुड्याची साल आणि इंद्रजव औषधात वापरतात. काळा कुडा तसाच दिसतो, चीकही दोघांचा पांढराच. फूल हातात घेऊन पाहावे: काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्याच्या फुलात ते नसतात. शेंगा जोडीने येतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्याच्या सुट्या. व्यापाऱ्याला माल देण्यापूर्वी एवढे पाहावेच. साल खोडाभोवती गोल काढू नये, झाड वाळते.

एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस कोणाला सांगायला नकोत. पावसाळ्यात सागाला बारीक पांढरा मोहर येतो, आणि कुंपणावर कळलावी चढते. तिच्या पानाचे टोक वेटोळे होऊन आधार धरते, फूल पिवळ्याचे लाल होते. दिसायला देखणी, पण तिचा कंद अत्यंत विषारी आहे. मुसळी खणणाऱ्या मुलांना ही वेल अवश्य दाखवून ठेवा.

नाव कळले नाही तर पान, फूल आणि मिळाल्यास शेंग असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून जवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवावी. नुसते फूल पिशवीत घालून आणले तर वाटेतच चुरगळते.