जवळ येताना अडखळणारा नकाशा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी भूगोलाच्या तासाला आम्हां मुलांकडून बऱ्हाणपूरचे तीन नकाशे काढून घेतले होते. पहिल्यात सातपुडा, तापी आणि शहराचा एक ठिपका. दुसऱ्यात तटबंदी, वेशी, राजघाट आणि लालबागकडे जाणारा रस्ता. तिसऱ्यात केवळ शाळेची गल्ली. मी पहिल्याच नकाशात शाळा दाखवण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी न रागावता माझी पेन्सिल घेतली, तिचे टोक त्या ठिपक्यावर टेकवले आणि विचारले, ''या टोकाखाली किती शहर झाकले गेले, सांग बरे.'' मला उत्तर देता आले नाही. पुढे नकाशे हाच माझा व्यवसाय झाला आणि तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

आजचा विषय काहींना रूक्ष वाटेल. संगणकावरील नकाशा लहानमोठा करताना, ज्याला आपण सारे झूम करणे म्हणतो, तो अडखळतो का आणि त्यावर उपाय काय, एवढाच तो आहे. परंतु या गावात त्याचा संबंध थेट आपल्या पाण्याशी येतो, म्हणून तो मी निवडला.

आपला कुंडी भंडारा सर्वांस परिचित आहे. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत इराणी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने ही योजना आखली. सातपुड्याकडून तापीकडे भूगर्भातून उतरणारे पाणी भंडाऱ्यांत अडवायचे आणि जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणायचे. बोगद्यावर सुमारे वीस-वीस मीटरवर उभ्या कुंड्या खोदल्या. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. मार्च २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समाविष्ट झाले. वरून चालणाऱ्याला मात्र कुंड्यांची तोंडे तेवढी दिसतात. बोगदा कोठून जातो हे नकाशानेच सांगायचे, आणि त्या रेषेवर कोणी कूपनलिका खोदू लागला तर नकाशानेच अडवायचे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी असा नकाशा उघडताना पाहिला. एका अर्जातील जागा भंडाऱ्याच्या रेषेपासून किती दूर आहे, एवढेच पाहायचे होते. साहेबांनी माऊसचे चाक फिरवले. पडदा पांढरा झाला. पुन्हा फिरवले, अर्धी तहसील उमटली आणि पुसली गेली. चहा आला, चहा संपला. शेवटी त्यांनी संगणक बाजूला सारला आणि कागदावर सही केली. ती जागा रेषेपासून दूर होती, हे मी नंतर तपासले. पण तपासले ते सहीनंतर.

तेथे सर्वांचे मत पडले की नवा, अधिक शक्तिमान संगणक घ्यावा. मी दोन दिवस मागून घेतले. पहिले काम केले ते असे, की नकाशातील सारे थर बंद करून एकेक चालू करीत गेलो. दुखणे कोठे आहे हे न पाहता औषध देणारे वैद्य आमच्या धंद्यातही पुष्कळ आहेत! दोषी थर मोजकेच निघाले: उपग्रहाची प्रतिमा, समोच्चरेषा आणि खसऱ्यांच्या सीमा.

प्रतिमेचा हिशेब पाहा. समजा, ती २०,००० गुणिले २०,००० बिंदूंची आहे. म्हणजे ४० कोटी बिंदू. आपला पडदा १,९२० गुणिले १,०८० चा. म्हणजे सुमारे २१ लाख. संपूर्ण प्रतिमा पडद्यावर आणायची तर संगणक ४० कोटी बिंदू चाळतो आणि त्यांतले बहुतेक टाकून देतो. यावरचा उपाय म्हणजे पिरॅमिड. त्याच प्रतिमेच्या निम्म्या, पाव, अष्टमांश, षोडशांश आकाराच्या प्रती एकदाच करून तिच्यासोबत ठेवायच्या. दुरून पाहताना संगणक १,२५० गुणिले १,२५० ची प्रत उचलतो. ती जेमतेम १६ लाख बिंदूंची. जवळ जाऊ तसतशी मोठी प्रत. याला जागा किती लागते? एक चतुर्थांश, अधिक त्याचा चतुर्थांश, अधिक त्याचाही चतुर्थांश. ही श्रेढी कितीही वाढवली तरी बेरीज एक तृतीयांशापलीकडे जात नाही. दहावीच्या मुलांनी घरी करून पाहावी.

मूळ प्रतिमा ओळीओळींनी साठवलेली असेल तर तीही चौकटीचौकटींनी साठवून घ्यावी. नाहीतर लालबागचा एक कोपरा पाहण्यासाठी पूर्वपश्चिम पसरलेल्या लांबलचक ओळी उलगडाव्या लागतात.

रेषांचे दुखणे वेगळे. ग्रंथालयात सूची नसेल तर एका पुस्तकासाठी सारी कपाटे धुंडाळावी लागतात. तसे सूची नसलेल्या थरात संगणक दोन खसरे दाखवण्यासाठी सारी तहसील वाचतो. अंतोनिन गटमन यांनी १९८४ साली आर-ट्री नावाची रचना मांडली. तीत जवळजवळच्या आकृत्या एका चौकटीत, तशा चौकटी आणखी मोठ्या चौकटीत, अशी उतरंड असते. जी चौकट पडद्याबाहेर, तिच्यातले काहीच उघडायचे नाही. जुन्या शेपफाइलला अशी सूची स्वतंत्रपणे करून द्यावी लागते. जिओपॅकेज या नव्या साठवणीत ती आत सामावता येते आणि क्यूजीआयएस ती सहसा आपणहून करते. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केले. २०१४ च्या २.४ आवृत्तीपासून ते चित्र रेखाटत असतानाही पडदा गोठत नाही.

समोच्चरेषेच्या एका वळणात शेकडो बिंदू असतात आणि दुरून पाहताना ते सारे पडद्याच्या एकाच ठिपक्यात पडतात. डग्लस आणि पॉयकर यांनी १९७३ साली रेषेचा बाज राखून अनावश्यक बिंदू गाळण्याची रीत प्रसिद्ध केली. ही गाळणी फक्त रेखाटताना लावावी, मूळ नोंदींना हात लावू नये. दोन खसऱ्यांची सामाईक सीमा दोहोंकडून वेगवेगळी गाळली, तर मध्ये फट पडते किंवा एक सीमा दुसरीवर चढते. आणि बांधाच्या भांडणात ती फट पटवाऱ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही.

सर्वांत मोठा लाभ मात्र अगदी साध्या गोष्टीने झाला, आणि येथे मला गुरुजींची पेन्सिल आठवली. कोणता थर कोणत्या प्रमाणावर दिसावा, याची मर्यादा कोणी घातलीच नव्हती. १:५०,००० प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. वीस मीटरवरच्या दोन कुंड्या ०.४ मिलिमीटरवर येतात. त्या वेगळ्या दाखवायच्या कशा? तेथे मी एकच निळी रेघ ठेवली. १:१०,००० च्या आत ठिपके आणि १:५,००० च्या आत प्रत्येक कुंडीचा क्रमांक. खसऱ्यांचे आकडेही तेथेच. जिल्ह्याच्या नकाशात हजारो आकडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून संगणक जो आटापिटा करीत होता, तो थांबला.

आणखी एक अडचण होती. जुने भूमापनपट जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीगोलावर आधारलेले, तर जीपीएसच्या नोंदी डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्ही एकत्र उघडले की संगणक प्रत्येक वेळी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करीत बसतो. ज्या महामापनाचे काम एव्हरेस्ट यांनी पुढे नेले, त्याचे प्रवर्तक लॅम्ब्टन आपल्या विदर्भात, हिंगणघाटला, १८२३ साली वारले. त्यांनी हे गणित हातांनी केले, पण तेसुद्धा ते पुन्हा पुन्हा करीत नसत. सारे थर एकदाच यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात आणून साठवले. बऱ्हाणपूर त्याच पट्ट्यात येते. फायली कार्यालयाच्या जाळ्यावरून काढून त्याच संगणकात ठेवल्या.

उरले ते चाक. १:८,००,००० पासून १:५,००० पर्यंत दुपटीदुपटीने जायचे तर सात-आठ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर चित्र सुरू होऊन अर्धवट टाकले जाते. भंडाऱ्यांसाठी स्थळखुणा करून ठेवल्या, म्हणजे एका टिचकीत थेट तेथे. संगणक जुनाच राहिला.

बोलणे पुरे. तो नकाशा मी सोबत आणला आहे. पुढच्या रांगेतील मुलांपैकी कोणीतरी मागचे दिवे मालवावेत. हा सातपुडा, ही तापी, हा आपल्या शहराचा ठिपका. आता मी मूल भंडाऱ्याच्या स्थळखुणेवर टिचकी मारतो.