हातमोज्याच्या आतला मोजा



माघातल्या पहाटे शेकोटीपुढे तळहात धरले म्हणजे थंडीचा बंदोबस्त झाला, असे मानणाऱ्या आपल्या प्रांतात, हातमोज्याच्या आत घालावयाच्या दुसऱ्या पातळ मोज्यावर व्याख्यान व्हावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु दर उन्हाळ्यात हिमालयाची वाट धरणारी आपली मुले-मुली बुटांची आणि झोपण्याच्या पिशवीची जितक्या आस्थेने चौकशी करतात, तितक्या आस्थेने आपल्या बोटांची करीत नाहीत, हे मी अनेक वर्षे पाहत आलो असल्यामुळे हा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे.

३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेच्या ८,०९१ मीटर उंच माथ्यावरून उतरत असता मॉरिस हर्झोग या फ्रेंच गिर्यारोहकाने पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढले, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते, ते हातांवर चढवता आले असते. पण त्या विरळ हवेत थकलेल्या बुद्धीला तेवढेही सुचले नाही. पुढे त्याची बोटे कापावी लागली. आठ हजार मीटरांवरचे शिखर मानवाने प्रथमच गाठले, त्याच दिवसाची ही हकीकत आहे.

शरीर गारठू लागले की हृदय, मेंदू इत्यादी मर्मस्थानांच्या रक्षणार्थ हातापायांतील रक्तवाहिन्या आकसतात, आणि रसद प्रथम तुटते ती बोटांची. बोटांना वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात असल्यामुळे बोटांना स्वतःची अशी ऊब फारशी नाहीच.

माझा स्वतःचा अनुभव असा: उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला एका हिमनदीवर, पहाटे तीनच्या सुमारास, बुटाखालच्या काटेरी क्रॅम्पॉनचा पट्टा आवळताना जाड मिटनमुळे, म्हणजे चारही बोटे एकत्र झाकणाऱ्या हातमोज्यामुळे, बक्कल सापडेना, म्हणून मी मिटन काढून टाकला. घामाने ओलसर झालेली दोन बोटे पोलादाला जी चिकटली, ती सोडवताना कातडीचा पापुद्रा तिथेच राहिला; नंतर अर्धा तास बोटे लाकडाची झाली होती, आणि रक्त परतू लागले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. आत पातळ मोजा असता तर उघड्या हाताची पाळीच आली नसती. लायनरचे, म्हणजे या आतल्या मोज्याचे, खरे प्रयोजन मी हेच मानतो: तो ऊब देतो ती थोडीच, पण हात कधी नागडा होऊ देत नाही.

कापडाच्या निवडीत मात्र मुलाहिजा ठेवू नये. सुती मोजा सर्वथा वर्ज्य, कारण तो घाम शोषून ओला राहतो आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. रेशीम तलम आणि बोटांच्या कामाला अव्वल, पण दोरावर लवकर विरते. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ धरीत नाही, झटकन सुकते. परंतु स्टोव्हजवळ वितळते, आणि आपल्या मंडळींचे हात तर चहाच्या भांड्याभोवतीच अधिक असतात. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही, भिजली तरी काहीशी ऊब राखते. सुकण्यास विलंब लावते हे खरे, तथापि बळकटीसाठी थोडा नायलॉन मिसळलेली मेरिनोची जोडी मी इतर सर्वांच्या वर ठेवीन.

मापाची बाब त्याहून नाजूक आहे. घट्ट मोजा रक्ताची वाट अडवतो, शिवाय दोन थरांमधली स्तब्ध हवा, जी खरी ऊब धरते, तीही पिळून काढतो. म्हणून बाहेरचा हातमोजा विकत घेताना आतला घालूनच दुकानात जावे, मूठ वळून पाहावी, आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधता येते की नाही ते तिथेच आजमावावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

जोड्या दोन हव्यात. ओली झालेली रात्री सदऱ्याच्या आत, छातीशी धरून निजावे. सकाळपर्यंत ती बहुधा घालण्याजोगी होते, आणि तंबूच्या दोरीवर टाकलेली मात्र पापडासारखी कडक होऊन हाती येते.