पंचनामा लिहिणारा हात

अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील फुलंब्रीसारख्या ग्रामीण पोलीस ठाण्याला गावोगावी आधार असतो तो पोलीस पाटलाचा, म्हणजे १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमान्वये नेमलेल्या, गावातच राहणाऱ्या मानधनी प्रतिनिधीचा. विहिरीत प्रेत आढळले की तोच ठाण्याला वर्दी देतो. मग पोलीस येऊन पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली घटनास्थळाची लेखी नोंद, करतात, आणि दोराने वर काढलेल्या देहावरील जखमा, कपडे, दागिने एकेक करून लिहिताना काठावर टाहो फोडणाऱ्या आईसमोर लिहिणाऱ्याला हात स्थिर ठेवावा लागतो. कामाने अंगवळणी पाडलेला हा कोरडेपणा पुढे घरी मुलाबाळांशी बोलतानाही सहज सुटत नाही, ही या नोकरीची खरी झीज होय. पोळा असो वा गणपती, सण पोलिसाच्या वाट्याला बंदोबस्त म्हणूनच येतो. ही न संपणारी ड्युटी आवरण्यासाठी मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, आणि तोही एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याच्या सूचनेवरून, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी कसाबला पकडताना प्राण देणाऱ्या पोलीस तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, ते सर्वथा योग्यच. परंतु हयात पोलिसाला आदराइतकीच झोपेची आणि साप्ताहिक सुट्टीची गरज असून, ही सोय शासनाने प्रत्येक ग्रामीण ठाण्यापर्यंत पोहोचवली पाहिजे.