जमाखर्च आणि संगणक



अकरावी-बारावीत वाणिज्य शाखेची मुले पुस्तपालन शिकतात. संगणकशास्त्र बहुधा विज्ञान शाखेच्या वाट्याला जाते. एकाला जमाखर्च कळतो, दुसऱ्याला प्रोग्रॅम लिहिता येतो. ही वाटणी कामगाराच्या मुलांना परवडणारी नाही, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

बोनसचेच पाहा. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के ठरविला. या दोन आकड्यांमधली सारी झुंज ताळेबंदावर चालते. नफ्यातून घसारा वजा होतो, कर वजा होतो, भांडवलावरचा परतावा वजा होतो. उरेल त्यात कामगाराचा वाटा. घसारा म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने वाटाघाटीला बसून करावयाचे काय? आम्ही हे शाळेत शिकलो नाही. गेटसभा आटोपल्यावर रात्री ताळेबंद उलगडून शिकलो.

आता तो हिशेब संगणक करतो. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याविषयी करार केला. आज घरपोच माल पोचविणाऱ्या मुलाची मजुरी मोबाइलमधला प्रोग्रॅम ठरवितो. पण त्या प्रोग्रॅमला नियम कोणीतरी माणसानेच घालून दिलेला असतो. तो कोणता, हे विचारावयासही थोडे शास्त्र यावे लागते.

म्हणून पालकहो, या विषयांनी नोकरी लागेल का, एवढेच विचारू नका. लागलेल्या नोकरीतली पगाराची स्लिप मुलाला तपासता येईल का, हेही विचारा.