तेच गाणं, पुन्हा तेच

आज एक तक्रार घेऊन तुमच्यापुढे आलो आहे. तक्रार गाण्याविषयी आहे आणि तीही चांगल्या गाण्याविषयी, म्हणून जरा सबुरीनं ऐका.

जामनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी मास्तर आहे. गेल्या 3 डिसेंबरला, बहिणाबाईंच्या पुण्यतिथीला, वर्गात रेडिओ लावला होता. संसाराचं ते गाणं सुरू झालं आणि मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, पुन्हा हेच?" मी डोळे वटारले. बहिणाबाई आपल्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या. त्यांच्या गाण्याला जांभई? पण घरी जाताना मनाशी कबूल केलं, की ते गाणं लागलं म्हणजे माझाही हात हल्ली रेडिओच्या खुंटीकडे जातो.

यात गाण्याचा काय दोष? बहिणाबाई 1951 साली गेल्या, 1952 साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं, आणि 1961 सालच्या 'मानिनी' चित्रपटात त्यातली काही गाणी आली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत ती रेडिओनंच नेली. हे उपकार विसरून चालायचं नाही. पण पुस्तक उघडून पाहा. कापणीवर गाणं आहे, रगडणीवर आहे, उपणणीवर आहे, घरोटावर आहे, आखजीवर आहे. एवढं धान्य घरात असताना आपण संसार आणि खोपा या दोनच मापांवर वर्षं काढली!

तुम्ही म्हणाल, तेच तेच तर आपल्या आयाबायाही गात होत्या. खरं आहे. माझी मोठीमाय पहाटे घरोटावर बसली की एकाच चालीत ओव्या म्हणायची. त्याचा कंटाळा आम्हाला कधी आला नाही. कारण चाल जुनी असली तरी ओवी रोज थोडी वेगळी असायची. काल माहेराहून सांगावा आला तर आज तो ओवीत. भाऊ रुसला तर तोही ओवीत. तबकडीचं तसं नाही. तिच्यात जे एकदा भरलं ते भरलं.

शिवाय वेळकाळ असे. गौराईची गाणी आखाजीला, झोक्यावर. कानबाईची श्रावणात, रोटांच्या वेळी. भलत्या महिन्यात म्हटली तर मोठीमाय रागवायची. हिवाळ्यातलं वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकरी बारा महिने तिन्ही त्रिकाळ वाढली, तर तुमच्या ताटात तरी सरेल का?

रेडिओला हे कळत नव्हतं असं नाही. 1955 च्या 1 एप्रिलला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आणि गाणी छप्पन्न. ती एकदम ओतली नाहीत. आठवड्याला नवं गाणं, असं वर्षभर चाललं आणि माणसं पुढच्या गाण्याची वाट पाहत राहिली. आज रामनवमीला त्या छप्पन्नांतली चार-पाचच आपल्या कानांवर येतात. सिलोनच्या 'बिनाका गीतमाले'तसुद्धा एक शहाणी रीत होती. एखादं गाणं ठराविक आठवडे टिकलं की त्याला 'सरताज गीत' म्हणून मान द्यायचा आणि यादीतून मोकळं करायचं. पाहुण्यानं चार दिवस राहावं नि पानसुपारी घेऊन निघावं, तसं.

आणि सगळा दोष लावणाऱ्याच्या माथी मारू नका. फर्माइशीचे कार्यक्रम चालतात ते मागणाऱ्यावर. झुमरी तलैया हे तिकडे दूरचं अभ्रकाच्या खाणींचं गाव, पण तिथल्या लोकांनी इतकी पत्रं पाठवली, की देशभर गावाचं नाव झालं. आपण काय केलं? घरी बसून खुंटी पिरगाळली.

म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक नेलं आणि सांगितलं, तुम्हाला हवं ते गाणं तुम्हीच निवडा. अर्धा तास भांडण चाललं. शेतकऱ्यांची पोरं कापणीवर अडून बसली, मुलींना आखजी हवी होती. आणि तो जांभईवाला? तो घरोटाचं गाणं मागत होता. त्याच्या घरी घरोट अजून आहे म्हणे, कोपऱ्यात, पालथा घातलेला.

शेवटी एका कार्डावर तिन्ही गाणी लिहिली. जागा पुरेना, म्हणून खाली मान्यवर वगैरे लिहिलंच नाही. कार्ड टपालात पडलं आहे. परवा तो पोरगा विचारत होता, "गुरुजी, लागलं का?" अजून तरी नाही लागलं.