मूल वाचनाच्या कुठल्या पायरीवर?

आपल्या तारापूर-बोईसरच्या शाळेत एकाच बाकावर घरी वारली बोलणारी मुलगी असते आणि शेजारी कारखान्यापायी इथं आलेल्या भोजपुरी घरातला मुलगा. पुस्तक दोघांना एकच. कोण कुठवर वाचतं, हे गुणपत्रकावरून कळत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. वाचनाचंही तसंच, मूल जिथं आहे तिथून सुरुवात.

‘असर’च्या पाहणीत २००५ पासून एक सोपी रीत आहे. मुलाला एकट्याला जवळ बसवायचं, आधी छोटा परिच्छेद द्यायचा. जमला तर गोष्ट. नाही जमला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. शब्द असोत की अक्षरं, पाचांतली चार बरोबर आली की ती पायरी त्याची. पुढचं उद्दिष्ट फक्त वरची एक पायरी. घरच्या बोलीच्या ढंगात उच्चार केला तर आम्ही तो चूक धरत नाही. ते वाचनच आहे!

तारीख घालून वहीत लिहा, महिन्यानं पुन्हा बघा. तिसरीनंतर धडे लांबतात. न वाचणारं मूल मागच्या बाकावर गप्प होतं, मग शाळेतच येईनासं होतं. म्हणून येत्या पालकसभेत बाईंना गुण विचारू नका. “आमची कुठल्या पायरीवर आहे, मागच्या महिन्यात कुठं होती?” असं विचारा.