उजवीकडून डावीकडे

बारामती-इंदापूर एसटीत, लासुर्णे मागे पडता पडता, मी मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’चा पहिला खंड उघडला. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. सुरुवातीला नजर उलटीच धावायची. निमगाव केतकी येईपर्यंत चौकटी आपोआप सापडू लागल्या. १९९९ ते २०१४ चाललेल्या या मालिकेचे ७२ खंड आहेत. मी मात्र एकाच चित्रापाशी अडकले. परीक्षेत नापास झालेला अनाथ नारुतो झोक्यावर एकटा बसलाय आणि इतर मुलांचे आईबाप त्यांचं कौतुक करताहेत. निकालाच्या दिवशी असा एखादा मुलगा आपल्याही शाळेच्या फाटकाशी उभा असतो. मला भरून आलं.

घरी येऊन मिलिंद बोकील यांची २००४ सालची ‘शाळा’ पुन्हा काढली. आणीबाणीतली नववी, मुकुंद जोशी आणि शिरोडकर! माझ्या मते पौगंडवयातलं प्रेम इतक्या हळुवारपणे मराठीत क्वचितच उतरलंय. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? तो तर आपल्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. भाचीला आधी तोच दिला. तिनं रात्रीत संपवला आणि सकाळी ‘नारुतो’ मागितला.